जमिनीवरून वाचलेलं जंगल

या मालेत आपण पूर्व विदर्भातल्या जंगलावरचं मराठी लेखन वाचतो आहोत. वाघ झाला, अस्वल झालं, पक्षी झाले. आज जे प्राणी घ्यायचे आहेत त्यांच्यावर लेखनच फार कमी आहे, त्यामुळे आजची टीका बरीचशी न लिहिलेल्या मजकुरावर आहे. टीकाकाराला हे तसं सोयीचं, कारण न लिहिलेला मजकूर उलट उत्तर देत नाही. पण लिहिणाऱ्यांकडेही आम्ही येणार आहोत, तेव्हा निश्चिंत राहू नका.

विषय आहे रात्री जागणारे, झाडावर राहणारे लहान सस्तन प्राणी. हा शब्दप्रयोग ऐकला की हल्लीच्या शाळकरी मुलांना पहिल्यांदा काय आठवतं? आफ्रिकेतलं बुशबेबी. मोठे वाटोळे डोळे, कागदासारखे दुमडणारे कान, एका फांदीवरून दुसरीवर टुणकन उडी. शास्त्रात त्याला गॅलॅगो म्हणतात. रात्री त्याचं ओरडणं तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखं वाटतं, म्हणून इंग्रजीत 'झुडपातलं बाळ'. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत त्याला 'नागापी' म्हणतात, म्हणजे रात्रीचं माकड. दोन्ही नावं ऐकून ठेवलेली, पाहून ठेवलेली आहेत. हे आपल्या माकडांचे फार लांबचे भाऊबंद. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला लोरिस त्यांच्या अधिक जवळचा.

मुलांना हे ठाऊक असतं ते चित्रफितींमुळे. त्यात वाईट काही नाही. पण चित्रफीत प्राण्याला गोंडस करते आणि मग तेवढंच उरतं. आशियातल्या स्लो लोरिसला गुदगुल्या केल्या की तो हात वर करतो, अशी एक फीत जगभर गाजली. लोक हसले, कित्येकांना तो पाळावासा वाटला. खरं तर त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळून त्याचा चावा विषारी होतो, आणि घाबरला की तो हात वर करतो. म्हणजे जग ज्याला लाड समजत होतं ते त्याचं भेदरणं होतं. पाहणं आणि वाचता येणं यातला फरक सांगायला आम्हाला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते, त्याआधीचं नाव चांदा. जंगल मात्र त्या तारखेला काही दोन झालं नाही. इथे बुशबेबी नाही, लोरिसही नाही. पण रात्र पडली की झाडावर वावरणारी मंडळी आहेत. उदमांजर आहे. वाघाटी आहे, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो. वटवाघळं तर आहेतच. आणि आहे उडती खार. आज आम्ही मुख्यतः तिच्याविषयीच बोलणार.

उडती खार उडत नाही. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत तिच्या अंगाला कातडीचा पडदा असतो. उंच झाडाच्या शेंड्याकडून ती स्वतःला झोकून देते, पडदा ताणते आणि हवेवरून घसरत दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावर जाऊन चिकटते. मग पुन्हा वर चढते. म्हणजे हा प्रवास नेहमी चढ-उतार, चढ-उतार असा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास तीन फूट भरते, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटी. दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपते. काळोख पडला की बाहेर येते, पानं, कोंब, फळं, साल खाते. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. गंमत अशी की आफ्रिकेतही झाडाझाडांत तरंगणारे उंदीर-खारींच्या गणातले प्राणी आहेत, पण ते आपल्या उडत्या खारीचे सख्खे नव्हेत. त्यांच्या शेपटीखाली खवले असतात, चढताना सालीत रुतवायला. दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांनी तीच युक्ती आपापली शोधली.

एवढ्या मोठ्या आणि एवढ्या नवलाच्या जनावराला आपल्या वनसाहित्यात जागा किती? आमच्या वाचनात तरी ओळी-दोन ओळी. प्राण्यांच्या यादीत शेवटून तिसरं-चौथं नाव. असं का झालं, हा आजचा प्रश्न.

आमचं म्हणणं असं की मराठी वनलेखन जमिनीवरून चालतं. ते पायवाटेनं जातं, ठसे वाचतं, पाणवठ्यावर बसतं. नजर वर जाते ती दिवसा, पक्ष्यासाठी. रात्री नजर खाली असते, पायाखाली किंवा समोर. ही सवय मुळात शिकारकथेची. इंग्रज अधिकाऱ्यांनी मध्य प्रांतावर लिहिलेल्या पुस्तकांत, मग ते कॅप्टन फोर्सिथचं १८७१ चं असो की डनबार ब्रँडरचं १९२३ चं, जंगलाची उंची बंदुकीच्या नेमाइतकी असते. मचाण झाडावर असतं खरं, पण मचाणावर बसलेला माणूस खाली बघत असतो! त्याच्या डोक्यावर काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

बंदूक गेली, कॅमेरा आला, नजर तशीच राहिली. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आज मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून जिप्सी आत शिरते तेव्हा गाडीतले सहाच्या सहा जण रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत असतात. बफरमध्ये काही काळ रात्रीच्या सफारीही चालल्या. आम्हाला वाटलं होतं, आता तरी कुणी वर बघेल. पण टॉर्चचा झोत फिरायचा तो झुडपांवर, कारण लोकांना रात्रीचा वाघ हवा होता. दिवसा न दिसलेला.

बरं, पर्यटक जाऊ द्या. मोजणारे काय करतात? बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून प्राणी नोंदवायचे, ही आपली जुनी रीत. हौशी माणसं आवडीनं जातात, जावं. पण पाणवठ्यावरची नोंद म्हणजे जो खाली उतरतो त्याची नोंद. ज्याचं सगळं आयुष्य फांदीवर, ज्याला हिरव्या पानातून बरंचसं पाणी मिळतं, तो त्या कागदावर येणार कसा? वाघांसाठी कॅमेरे लावतात ते वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. वाघाच्या पट्ट्यांसाठी ती उंची बरोबर आहे. त्या कॅमेऱ्यात उदमांजर कधीमधी येतं, कारण ते खाली उतरतं. उडत्या खारीनं मात्र त्या उंचीवर यायचं म्हणजे तिचं काहीतरी चुकलेलं असणार. आमचा आक्षेप कॅमेऱ्याला नाही. त्या कॅमेऱ्यातून आलेलं चित्र म्हणजेच जंगल असं मानून जे लेख, जी कॉफी-टेबल पुस्तकं, जे माहितीपट निघतात, त्यांना आहे.

आता नावं घेऊन बोलू. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आम्ही मराठीतल्या उत्तम वनपुस्तकांत धरतो. पायी हिंडणारा, घाई नसलेला, पाहिलं तेवढंच सांगणारा लेखक. त्यांच्या वाक्यांत मोकळी हवा आहे. पण ते पुस्तक चालणाऱ्या माणसाचं आहे. चालणाऱ्याला जे भेटतं ते त्यात भेटतं. ही त्याची ताकद, आणि हीच त्याची कक्षा.

मारुती चितमपल्लींची गोष्ट वेगळी. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यानंतर त्यांच्यावर जे लेख आले ते बहुतेक श्रद्धांजलीचे, आणि ते स्वाभाविक होतं. आता जरा शांतपणे वाचायला हरकत नाही. वनखात्यात उभा जन्म गेलेला हा माणूस, त्यातली कित्येक वर्षं नवेगावबांधला. मराठीत रात्रीला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणलं ते त्यांनी. 'रातवा' हे रात्रीच्या पक्ष्याचं नाव, ते त्यांनी ग्रंथाचं नाव केलं. 'शब्दांचं धन' लिहिलं. कोश केले. जंगलातला शब्द हा जंगलातल्या माणसाकडे असतो आणि तो विचारून, नम्रपणे घ्यावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही. इंग्रजी पुस्तकावरून मराठी नाव पाडायची जी साथ आली होती तिला त्यांनी एकट्यानं बांध घातला असं म्हटलं तरी चालेल.

पण त्यांच्या लेखनात एक अडचण आहे आणि ती त्यांचे चाहते बोलत नाहीत. पाहिलेलं आणि ऐकलेलं, दोन्ही एकाच आवाजात येतं. अनुभवी फासेपारध्यानं सांगितलेली दंतकथा आणि स्वतः दुर्बिणीतून टिपलेलं वर्तन, यांत वाक्याची ठेवण बदलत नाही. वाघाच्या किंवा मोराच्या बाबतीत हे खपतं, कारण वाचकाजवळ पडताळायला दुसरी पुस्तकं आहेत. ज्या प्राण्यांवर दुसरं काहीच लिहिलेलं नाही, त्यांच्या बाबतीत वाचक कुठे जाणार? रात्रीचे प्राणी तर आधीच भुताखेतांच्या वाटेवर बसलेले. त्यांना दंतकथेतून सोडवून आणणारं लेखन हवं होतं. चितमपल्लींनी कधी सोडवलं, कधी आणखी गुंतवलं. 'निळावंती' वाचताना आम्ही मंत्रमुग्ध होतो आणि त्याच वेळी थोडे अस्वस्थही होतो.

तिसरं पुस्तक थेट गडचिरोलीचं. डॉ. प्रकाश आमटे यांचं 'रानमित्र'. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ चा. तिथलं प्राण्यांचं अनाथालय कसं सुरू झालं ती हकिकत आपल्याला माहीत आहे. माडिया शिकारी माकडं मारून नेत होते, मेलेल्या आईला जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं, डॉक्टरांनी धान्य देऊन ते मागून घेतलं. या लेखनाचा साचा ओळखीचा आणि स्पर्शाचा आहे. प्राण्याला नाव मिळतं, तो मांडीवर येतो, माणूस आणि जनावर यांच्यात विश्वास तयार होतो. पुस्तक निर्मळ आहे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मैत्रीच्या साच्यात मावणारे प्राणीच त्यात उठून दिसतात. जो दिवसभर ढोलीत झोपतो आणि तुम्ही झोपल्यावर शेंड्यावरून निघून जातो, त्याच्याशी मैत्री कशी करायची? त्याच्याबद्दल आदर ठेवायला लांबूनच शिकावं लागतं, आणि लांबून आदर ठेवण्याचं गद्य मराठीत अजून नीट घडलेलं नाही.

त्या हकिकतीतली दुसरी बाजूही सांगायला हवी, जी वनप्रेमी लेखनात सहसा दाबली जाते. कोणत्या झाडाला ढोली आहे, तिच्या तोंडाची साल कशी गुळगुळीत झालीय, आत कुणी आहे की नाही, हे अचूक कोणाला कळतं? जो शिकार करत आला त्याला. पोटासाठी वर बघणारा माणूस आणि हौसेसाठी वर बघणारा माणूस यात पहिल्याचा डोळा तयार असतो. १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आली, ती यायलाच हवी होती. पण त्याबरोबर ते ज्ञानही चोरटं झालं. आज गावातला म्हातारा तुम्हाला वाघाचं सगळं सांगेल, ढोलीचं विचारलं की गप्प होईल. आपण वनरक्षक तर नाही ना, असं तो तुमच्या तोंडाकडे बघून ठरवत असतो. आमच्या लेखकांनी हा गप्पपणा ओलांडायला हवा होता.

नावांचा घोळ हा त्याचाच पुढचा भाग. शेकरू आपला राज्यप्राणी. तो दिवसा हिंडतो, झाडावर काटक्या-पानांचं घरटं स्वतः बांधतो. उडती खार रात्रीची, आणि घर बांधत नाही. तरी एखाद्या गावात उडती खार सापडली की 'दुर्मिळ शेकरू आढळले' अशी बातमी लागते. उदमांजराचं तेच. कुणी पाणमांजराला उदमांजर म्हणतो, कुणी झाडावरच्याला. शास्त्रीय नावं तरी कुठे धड आहेत म्हणा! आपल्या उडत्या खारीच्या शास्त्रीय नावात 'फिलिपेन्सिस' आहे, आणि फिलिपिन्समध्ये ती नाहीच. हे नाव १८३९ चं, वॉल्टर एलियट या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या नावावर. त्याच वर्षीची त्याची सस्तन प्राण्यांची यादी 'दक्षिण मराठा मुलखा'ची होती. म्हणजे मराठी मुलखातून हिंडणाऱ्यानं लिहिलेलं नाव परक्या बेटांचं, आणि मराठी वर्तमानपत्रातलं नाव शेजाऱ्याचं.

हे नुसतं शब्दांचं भांडण असतं तर आम्ही तासभर घेतला नसता. शेकरू घर बांधतो, उडती खार घर शोधते. या एका फरकावर तिचं जगणं उभं आहे. ढोली एका दिवसात होत नाही. फांदी मोडते, पाणी मुरतं, बुरशी लागते, वाळवी पोखरते, कधी सुतारपक्षी सुरुवात करून देतो. तीन फुटांचं जनावर मावेल एवढी पोकळी व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, त्याला कित्येक दशकं जातात. उदमांजर आणि वाघाटीसुद्धा अशाच पोकळ्यांचा आसरा घेतात. आफ्रिकेतल्या बुशबेबीचंही दिवसाचं अंथरूण पुष्कळदा ढोलीतच.

आता इमारती लाकडाच्या भाषेत ढोलीवालं झाड म्हणजे काय? पोकळ. निकामी. कूप पडतं तेव्हा असं झाड ठेवण्याचं कारण कागदावर सहज सापडत नाही. तोडलं तर निदान जळाऊ होतं. १९७४ मध्ये राज्याचं वन विकास महामंडळ झालं आणि मिश्र जंगलाच्या जागी ओळीनं साग लावायचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. एकाच वयाचा, सरळसोट, निरोगी साग. लाकूड म्हणून सुंदरच, बल्लारपूरच्या डेपोतले ओंडके बघताना आमचीही मान वर होते. पण त्या रोपवनात ढोली कुठून येणार? आत जंगलाएवढं हिरवं दिसतं, उपग्रहातूनही हिरवंच दिसतं, रात्री मात्र वरचा मजला रिकामा.

सूरजागडच्या लोहखाणीवर इतके लेख आले, बाजूनं आणि विरोधात. जवळजवळ सगळ्यांत झाडं आकड्यांनी येतात. इतकी तोडणार, इतकी लावणार. विरोध करणारासुद्धा आकड्याच्याच भाषेत विरोध करतो. दीडशे वर्षांचं पोकळ मोहाचं झाड आणि पिशवीतलं रोप, दोन्ही 'एक'. पर्यायी वनीकरणाचा सगळा हिशेब या 'एक'वर चालतो. साहित्याचं काम इथे होतं, वस्तूला तिच्या जागी बघायला शिकवायचं. ते आम्ही केलं नाही म्हणून फॉर्मवर रकाना नाही, असं आम्ही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल का? थोडी होईल. तरी म्हणतो.

गडचिरोलीपुरती एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. १९८० नंतरची काही दशकं तिथली रात्र कुणाचीच नव्हती. नक्षलवादी आणि पोलीस यांच्या मधल्या त्या काळात अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन झाडांकडे बघत हिंडणं म्हणजे जिवावरचा खेळ. संशोधक गेले नाहीत, लेखक गेले नाहीत, त्यांना दोष देता येत नाही. पण म्हणून तिथली रात्र मुकी होती असंही नाही. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव जातात, माणसं पहाटे बैलगाडीनं, आता मोटारसायकलनं, जंगलातून घरी येतात. मार्च-एप्रिलमध्ये बाया उजाडण्याआधी मोहाखाली फुलं वेचायला बसतात. मोहाच्या फुलावर रात्रभर वटवाघळांची वर्दळ झालेली असते, परागीकरणाचं काम बरंचसं तीच करतात. उदमांजर येऊन गेलेलं असतं. त्या बाईला रात्रीच्या वरच्या मजल्याचा शेवटचा प्रहर दरवर्षी ठाऊक असतो. तिला कुणी विचारत नाही, कारण आपल्या लेखनात ती मोह वेचणारी गरीब बाई म्हणून येते, निरीक्षक म्हणून येत नाही.

आलापल्ली ते भामरागड रस्त्यावर 'वनवैभव' म्हणून सहा हेक्टरच्या आसपासचा एक तुकडा आहे. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. कुऱ्हाडीपासून राखलेलं जंगल म्हणजे काय ते तिथे दिसतं. तिथे गेलेला माणूस सागाच्या बुंध्याला मिठी मारतो, घेर मोजतो, फोटो काढतो. पुन्हा जमिनीवरूनच. ते झाड किती म्हातारं हे तो विचारतो, त्यात कोण राहतं हे विचारत नाही. आणि दुसरं टोक बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांकडे जंगल आलं. कोणतं झाड ठेवायचं हे आता तिथे गाव बसून ठरवू शकतं. बांबू, तेंदू, मोह यांवर चर्चा होते, पैसा त्यात आहे. त्याच बैठकीत ढोलीची झाडं नावानिशी नोंदवली, या रस्त्याकडचा धावडा, त्या नाल्यावरचा अर्जुन, तर ते आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं सगळ्यात चांगलं वनलेखन ठरेल. त्याला प्रकाशक लागणार नाही.

असो. वेळ झाली, प्रश्न घेऊ. पहिली चिठ्ठी आहे, 'ताडोब्याला गेलो तर उडती खार बघायला मिळेल का, आणि कशी शोधायची?' ताई, जिप्सीतून फारशी आशा धरू नका. गेटच्या बाहेर, गावाच्या कडेला जुनी मोठी झाडं असतात. गावातल्याच माणसाला बरोबर घ्या, परवानगी असेल तिथेच बसा, आणि अंधार पडायच्या आधी बसा, नंतर जाऊन उपयोग नाही. ढोलीच्या तोंडावर नजर ठेवा. टॉर्चला लाल कागद लावा, तोही मध्येमध्येच. ती बाहेर आली की आधी बराच वेळ नुसती बुंध्याला चिकटून राहील. कंटाळू नका. आणि तुमच्याबरोबरचा कुणी उत्साही माणूस तिला बाहेर काढायला खोडावर काठी आपटायला लागला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. दिवसा घाबरून बाहेर पडलेली खार ससाण्या-गरुडाच्या तोंडी जाते. हं, दुसरी चिठ्ठी कुणाची आहे?